शेगडीची ज्योत काय सांगते?

शेगडी कुरकुरायला लागली की आपण म्हणतो, "गॅस नीट चालत नाही." पण बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखता आलं, तर निम्मं काम घरच्या घरी होतं. उरलेल्या निम्म्याला आपण हात का लावायचा नाही, हेही कळतं.

आधी ज्योत बघा. चांगली ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असते. मिठाचं पाणी उतू गेलं की क्षणभर केशरी ठिणग्या दिसतात, त्याची काळजी नको. पण ज्योत सतत पिवळी, लांब आणि हलती असेल, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. मग भांड्यांची बुडं काळी होतात, गॅस वाया जातो. शिवाय अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो. म्हणून स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवीच.

आता दुसरा प्रश्न विचारा: एकच बर्नर बिघडलाय की सगळे?

एकच बर्नर मंद किंवा पिवळा जळत असेल, तर दोष त्याच बर्नरचा. दूध, वरण उतू जाऊन भोकं बुजलेली असतात. गॅस मागून बंद करा, बर्नर गार होऊ द्या, काढून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. भोकं बारीक टाचणीने मोकळी करा. लाकडी काडी नको, ती आत मोडते. बर्नर पूर्ण वाळवून मगच बसवा. तो तिरका बसला तरी ज्योत एका बाजूला पळते. बरेच दिवस न वापरलेल्या शेगडीच्या आतल्या नळीत कोळी जाळं करतो, त्यानेही हवा अडते.

सगळेच बर्नर मंद असतील, तर बर्नर घासत बसू नका. सिलिंडर संपत आला असेल, नळी दुमडली असेल किंवा रेग्युलेटर बिघडला असेल. शेवटचा गॅस निघावा म्हणून सिलिंडर आडवा करणं किंवा गरम पाण्यात ठेवणं धोक्याचं आहे.

बटण दाबून पेटणारी शेगडी पेटत नसेल, तर बर्नरजवळची ठिणगीची काडी कोरड्या फडक्याने पुसा. सेलवर चालणारी असेल तर सेल बदलून बघा. नॉब घट्ट झाला असेल, तर मात्र पकडीने फिरवू नका, तेल सोडू नका. तिथेच गॅस अडवणारा कॉक असतो. ते काम मेकॅनिकचं.

आपल्या हिंजवडीत आणखी एक घोटाळा होतो. इथे काही सोसायट्यांत महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन आहे, तर शेजारच्या माण, मारुंजीतल्या अनेक घरांत सिलिंडर. भाड्याचं घर बदललं की शेगडीही सोबत जाते. पण दोन्ही गॅस वेगळे आहेत. पाइपातला गॅस मुख्यतः मिथेन, सिलिंडरमधला प्रोपेन आणि ब्यूटेन. तेवढ्याच घनफळात सिलिंडरच्या गॅसमध्ये अडीच ते तीन पट उष्णता असते. म्हणून सिलिंडरच्या शेगडीच्या जेटचं भोक बारीक असतं आणि पाइपाच्या शेगडीचं मोठं. सिलिंडरची शेगडी पाइपाला जोडली, तर ज्योत मिणमिणती होते, कुकरची शिट्टी होता होत नाही. उलट केलं तर भडका उडतो, पिवळ्या ज्वाळा आणि काजळी येते. हे जास्त धोक्याचं. अशा वेळी नवी शेगडी घ्यावी लागेलच असं नाही, बऱ्याचदा जेट बदलले की भागतं. पण ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. जेटचं भोक घरी टोकरून मोठं करू नका.

नळीवरची तारीख आजच बघा. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. गळती तपासायला साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती. पेटती काडी कधीच नको. वास आला तर रेग्युलेटर किंवा पाइपाचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा, एक्झॉस्ट, काही लावू नका आणि चालू असेल ते बंदही करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. पाइपाचा हलका, तो वर जातो. घराबाहेर येऊनच फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे. पाइप गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो भिंतीवर लिहून ठेवा.

ओव्हनबद्दल थोडक्यात. ओटीजीमध्ये केक एका बाजूने कच्चा राहत असेल, तर आतल्या सगळ्या सळ्या लाल होतात का, ते काचेतून बघा. एखादी काळीच राहिली, तर ती बदलावी लागेल. मायक्रोवेव्हचं मागचं झाकण मात्र प्लग काढल्यावरही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जबर धक्का देणारा साठा उरलेला असतो.

चार घरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना एक खास विनंती. घरमालकिणीच्या आधी तिची शेगडी तुम्हाला दिसते. ज्योत पिवळी दिसली, वास आला, तर लगेच सांगा. आणि घरमालकिणींनो, ताई सांगतील तेव्हा "चालतंय की अजून" म्हणू नका.