हातभर बागेतला दगडी कंदील
बोन्सायशेजारी दगडी कंदील ठेवताना मी आधी झाडाची उंची पाहतो. कंदील वरचढ झाला, की जुनाट दिसणाऱ्या वृक्षाचं लगेच रोपटं होतं. माझा आवडता कंदील युकिमी: रुंद छप्पर, बुटके पाय, पाण्याकाठीच शोभणारा. जपानात दगडी कंदील आधी मंदिरांत होते. नारा इथल्या कासुगा देवस्थानात आजही सुमारे २,००० दगडी कंदील आहेत. १६व्या शतकात चहागुरूंनी ते चहागृहाची वाट उजळायला बागेत आणले. त्याच वाटेवर त्सुकुबाई, जमिनीलगतची दगडी कुंडी. पाहुणा वाकून हात धुतो, चूळ भरतो, मगच आत जातो. म्हणून माझ्या बागेतल्या वाटीएवढ्या त्सुकुबाईतही मी रोज पाणी घालतो. कोरडी कुंडी मला बघवत नाही. आणि कंदिलाची रंगवलेली चकचकीत नक्कल नकोच. खडबडीत ग्रॅनाइट घ्या, सावलीत ठेवा, शेवाळ धरू द्या.