हरवलेली फाइल कोठे जाते?

संगणकाची जागा भरत आली म्हणून तुम्ही नवा ड्राइव्ह बसवता. 'डॉक्युमेंट्स' हा फोल्डर त्यावर हलवता. दुसऱ्या दिवशी पाहता तो काय, विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल नाही आणि सहलीची छायाचित्रेही नाहीत! मग गेले कोठे हे सारे? बहुतेक वेळा ते कोठेच गेलेले नसते.

असे का, हे कळण्यासाठी एखादे जुने वाचनालय डोळ्यांसमोर आणा. पुस्तके कपाटांत असतात. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, हे मात्र दाराजवळच्या सूचीतील कार्ड सांगते. ड्राइव्हवरही फाइलचा मजकूर एकीकडे आणि त्याची जागा सांगणारी नोंद दुसरीकडे असते. त्याच ड्राइव्हवर फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवली, तर केवळ नोंद बदलते. म्हणून तर मोठा चित्रपटसुद्धा क्षणात हलतो! दुसरा ड्राइव्ह म्हणजे दुसरे वाचनालय. तेथे आधी मजकुराची नक्कल करावी लागते आणि मग जुनी नोंद पुसली जाते. या कामाला वेळ लागतो.

'डॉक्युमेंट्स' हे नाव तर निव्वळ एक पाटी आहे. तिचे स्थान बदलताना विंडोज विचारते, 'जुन्या ठिकाणच्या फायलीही हलवू का?' घाईत 'नाही' म्हटले, की पाटी नव्या, रिकाम्या खोलीकडे बोट दाखवते आणि फायली जुन्याच खोलीत राहतात. तेव्हा घाबरून न जाता प्रथम सी ड्राइव्ह उघडा. त्यात 'यूजर्स', त्यात तुमचे नाव, आणि त्यात जुना 'डॉक्युमेंट्स' पाहा.

या दोन खोल्यांच्या घोळाने २०१८ साली अनेकांना रडवले. २ ऑक्टोबर रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती देण्यास सुरुवात केली. पाटी दुसरीकडे वळवलेली असेल, तर मागे राहिलेला जुना फोल्डर काढून टाकण्याची सोय तीत होती. तो रिकामाच असणार, हे तिने गृहीत धरले होते! ज्यांच्या फायली तेथेच राहिल्या होत्या, त्यांच्या फायली फोल्डरासकट पुसल्या गेल्या. काही दिवसांतच वितरण थांबवावे लागले आणि सुधारलेली आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. दरम्यान, ज्यांचे नुकसान झाले होते त्यांना कंपनीने सांगितले, की तो संगणक शक्य तितका कमी वापरा.

हा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध होता. फाइल पुसली म्हणजे तिचे कार्ड रद्द झाले. पुस्तक अजून कपाटातच असते. मात्र ती जागा आता 'मोकळी' समजली जाते आणि नवे काही लिहिले जाताच जुना मजकूर कायमचा नष्ट होतो. म्हणून फाइल परत मिळवण्याचा प्रोग्रॅमसुद्धा त्या ड्राइव्हवर न ठेवता दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवावा.

हे झाले चुंबकीय तबकडीच्या ड्राइव्हबद्दल. हल्लीच्या एसएसडीत मोकळ्या झालेल्या जागा संगणक ड्राइव्हला कळवतो. या आज्ञेला 'ट्रिम' म्हणतात. मग ड्राइव्ह त्या जागा स्वतःच साफ करतो. तेथे पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच थोडी. अशा वेळी 'रिसायकल बिन' आणि दुसरीकडे ठेवलेली प्रत, एवढाच आधार.

सूची आणि पुस्तक वेगवेगळी असतात, हे घरीच पडताळून पाहता येते. मोठ्यांना विचारून एक निकामी पडलेला, रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर जेपेग प्रकारची चार छायाचित्रे ठेवा आणि पुसून टाका. आता 'फोटोरेक' हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम संगणकावरून चालवा. तो सूचीवर भिसतच ठेवत नाही. सरळ कपाटे धुंडाळतो. जेपेग चित्राची सुरुवात नेहमी २५५ आणि २१६ या दोन अंकांनी होते. ही खूण दिसली, की तेथून चित्र उचलायचे, अशी त्याची रीत. छायाचित्रे बहुधा परत येतील. पण 'सहल' किंवा 'आजी' अशी जी नावे तुम्ही त्यांना दिली होती, ती गेलेली असतील, कारण ती कार्डावर लिहिलेली होती.