जोर वाढवलात, ब्रेकचं काय?

अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकांवर जीव टाकणारी एक मोठी जमात आहे. १९४७ ते १९५५ या काळात निघालेला शेवरोलेचा '३१००' हे या जमातीचं आराध्य दैवत. फुगीर बॉनेट, आडव्या पट्ट्यांची जाळी, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. अर्धा टन माल वाहणारा हा ट्रक मूळचा शेतकऱ्याचा, सुताराचा, प्लंबरचा. आज तो रविवारच्या प्रदर्शनात चकाकत उभा असतो आणि त्याचा मालक त्याला अधूनमधून हमरस्त्यावरही काढतो. शेवरोले आपल्यालाही परकी नाही. तिची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ पर्यंत चालला आणि तिथून शेवरोलेचे ट्रकही बाहेर पडत.

असा ट्रक हाती आला की मालकाचा पहिला हात पडतो इंजिनावर. मूळचं सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, जेमतेम ९० अश्वशक्तीचं इंजिन उतरतं आणि त्या जागी शेवरोलेचंच ५.७ लिटरचं व्ही-८ बसतं. मग गिअरबॉक्स, मग रंग, मग सीटचं चामडं. ब्रेक यादीत सगळ्यात खाली. बहुतेकांना त्यांची आठवण होते ती पुढचा सिग्नल अचानक लाल झाल्यावर.

दोष ट्रकचा नाही. तो ज्या रस्त्यांसाठी बनला ते रस्ते वेगळे होते. अमेरिकेतल्या रुंद इंटरस्टेट महामार्गांचा कायदाच १९५६ चा, म्हणजे हा ट्रक बनायचा थांबल्यानंतरचा. गावातल्या गावात, ताशी पन्नास-साठ किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाला त्याचे ११ इंची ड्रम पुरेसे होते. पण वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. दीड टन वजनाचा ट्रक ताशी १०० किलोमीटरवरून उभा करायचा तर जवळजवळ ५८० किलोज्यूल उष्णता तयार होते. पावणेदोन लिटर गार पाणी उकळायला लागते तेवढी ही उष्णता, आणि ती काही सेकंदांत चार चाकांच्या लोखंडात शिरते.

ड्रम ब्रेकला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. कल्पना म्हणून ती फार हुशार आहे. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर दोन अर्धगोल शूज बाहेर ढकलतो आणि त्यांचं लायनर फिरत्या ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतं. फिरता ड्रम शूला आपल्यासोबत ओढू पाहतो आणि त्या ओढीनेच शू आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे पायाने लावलेला जोर ड्रम स्वतःच वाढवतो. पायाला मदत करणारा बूस्टर नसतानाही जुने ट्रक थांबत ते यामुळेच. ३१०० ला १९५१ पासून बेंडिक्स पद्धतीचे ब्रेक आले. त्यात तर पुढचा शू मागच्या शूला ढकलतो, त्यामुळे हा गुणाकार आणखी वाढतो.

घोळ होतो तोही याच गुणाकारामुळे. एका चाकाच्या लायनरला थोडं ग्रीस लागलं, किंवा पाण्यातून गेल्यावर एक ड्रम दुसऱ्याआधी वाळला, की दोन्ही बाजूंचा छोटासा फरकही वाढून स्टिअरिंगपर्यंत येतो. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक मारले की ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जायला लागतं. लायनरही तापून गुळगुळीत होतं, पकड सोडतं. खंडाळ्याच्या घाटात पुढच्या ट्रकमागून येणारा तो जळका वास ज्यांनी घेतला आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको.

डिस्कमध्ये सगळं उघड्यावर. चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड. पाणी फेकलं जातं, वारा लागतो, आणि तबकडी तापून फुगली तरी पॅडपासून लांब जात नाही. कल्पना तशी जुनीच. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पण त्याचे तांब्याचे पॅड कर्कश ओरडत आणि लवकर झिजत. १९५३ मध्ये जग्वारच्या सी-टाइपने डनलपच्या डिस्कवर ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली आणि मग जगाचं लक्ष गेलं. पिकअपला मात्र वाट पाहावी लागली. शेवरोलेने आपल्या हलक्या ट्रकांना पुढे डिस्क सरसकट दिल्या त्या थेट १९७१ मध्ये.

मग जुन्या ट्रकला डिस्क बसवणं म्हणजे नेमकं काय? जाहिराती पाहिल्या तर वाटतं, किटच्या खोक्यातून दोन डिस्क आणि पॅड दाबणारे दोन कॅलिपर काढायचे, चार बोल्ट आवळायचे, झालं. चाकापाशी काम खरंच तेवढंच असतं. खरी डोकेदुखी ड्रायव्हरच्या पायाखाली आहे.

३१०० चा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग, अक्षरशः पायाखालीच असतो, फ्लोअरच्या खाली, चासीला लागून. ब्रेक ऑइलची पातळी बघायची तर चटई उचलून पत्र्याचं झाकण काढावं लागतं. त्यामुळे ती बघितली जात नाही. शिवाय हा सिलिंडर एकाच कप्प्याचा, चारही चाकांना एकच लाइन. एक रबरी होज फुटला, एका व्हील सिलिंडरची वॉशर गेली, की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही ब्रेक एकदम जातात. उरतो तो हँडब्रेक आणि देवाचं नाव. पुढची आणि मागची लाइन वेगळी करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर शेवरोलेने ट्रकांना १९६७ पासून दिला. मला विचाराल तर डिस्कच्या आधी हाच बदल करावा. ड्रम तसेच ठेवलेत तरी चालेल, पण एकेरी मास्टर सिलिंडरवर हमरस्त्यावर जाऊ नये.

आता गंमत अशी की सिलिंडर खाली आणि कॅलिपर त्याच्याहून वर. ट्रक उभा राहिला की ऑइल हळूहळू उताराने मागे येतं, पॅड डिस्कपासून सरकतात आणि सकाळी पहिलं पेडल फुकट जातं. म्हणून लाइनमध्ये छोटा व्हॉल्व्ह घालतात, जो थोडा दाब धरून ठेवतो: डिस्कच्या लाइनला २ पीएसआय, ड्रमच्या लाइनला १०. ड्रमला जास्त लागतो, कारण तिथे शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात आणि व्हील सिलिंडरच्या वॉशरच्या कडा ऑइलच्या दाबाने भिंतीला चिकटून राहाव्या लागतात. इथेच कित्येकांचा पाय घसरतो. ड्रमसाठी बनलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये हा १० पीएसआयचा व्हॉल्व्ह आतच असतो. तोच सिलिंडर ठेवून पुढे डिस्क लावली की पॅड कधी सुटतच नाहीत. ट्रक जड चालतो, पुढची चाकं तापतात आणि मालक कॅलिपर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतो.

दुसरा गैरसमज जोराचा. डिस्कमध्ये ड्रमसारखा आपोआप होणारा गुणाकार नाही. पाय जेवढा देईल तेवढंच. तेव्हा मोठा मास्टर सिलिंडर लावला की ब्रेक कडक लागेल असं लोकांना वाटतं. हिशेब उलटा आहे. पायाने ३० किलोचा जोर दिला आणि पेडलचा तरफा सहापट असला तर सिलिंडरवर १८० किलो येतात. एक इंच बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३६ किलोच्या आसपास दाब. नुसता एक-अष्टमांश इंच बोअर वाढवला तरी हा दाब २८ वर उतरतो. पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी मात्र पुढेच जाते. फार बारीक सिलिंडरही चालत नाही, कारण कॅलिपरचा जवळजवळ तीन इंच व्यासाचा पिस्टन भरायला ऑइल जास्त लागतं आणि ते पुरवता पुरवता पेडल तळाला जातं. ही तडजोड किट बनवणाऱ्याने केलेली असते. म्हणून मास्टर सिलिंडर एका दुकानातून आणि कॅलिपर दुसऱ्यातून, अशी काटकसर करू नये.

पाय कमी पडतो म्हणून व्हॅक्यूम बूस्टर. फ्लोअरखाली जागा कमी असल्याने तो बहुतेकदा ७ इंची, लहानसाच. तो चालतो इंजिनाने ओढलेल्या हवेवर. पण आपण मघाशी बसवलेलं व्ही-८ जर शर्यतीच्या कॅमशाफ्टचं असेल, तर आयडलला ते पुरेसा व्हॅक्यूम देत नाही आणि बूस्टर नावापुरता उरतो.

आणि मागची चाकं. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं आणि ते आणखी हलकं होतं. मागे दाब जास्त गेला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि ट्रकची शेपटी पुढे यायला बघते. मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो तो यासाठी. हा हाताने फिरवता येणारा व्हॉल्व्ह मोकळ्या, ओल्या जागेवर, रिकाम्या हौद्यानिशी, थोडं थोडं फिरवून बसवायचा असतो. कसाही ब्रेक मारला तरी पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत, मागची नाही.

चाकापाशी आलो तर आधी धुळीबद्दल. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकणं ही सवय आपल्या गॅरेजांतही आहे आणि ती फुप्फुसांना महाग पडते. ओलं करून पुसावं. हब काढला की आत जुन्या पद्धतीचे बॉल बेअरिंग दिसतात. किटसोबत निमुळते रोलर बेअरिंग येतात, ते टिकायला चांगले. मूळ किंगपिन आणि स्पिंडल तसेच राहतात, त्यांच्यावर ब्रॅकेट बसतं, ब्रॅकेटवर कॅलिपर. मूळची १६ इंची चाकं कधी कॅलिपरला घासतात आणि काही किटमध्ये चाक थोडं बाहेर सरकतं, मग टायर वळणावर मडगार्डला लागतो. हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

कॅलिपर लावताना एकच गोष्ट बघायची, हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला तरी सगळे बोल्ट व्यवस्थित बसतात, फक्त निपल खाली येतं. हवा मात्र वरच साठते. मग 'मारा, मारा, धरून ठेवा' करत दोघं जण दुपार घालवतात, बाटलीभर ऑइल वाया जातं आणि पेडल स्पंजासारखंच राहतं. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. आणि ऑइल रंगावर सांडू देऊ नये. डॉट ३ आणि डॉट ४ रंग उचलून काढतात.

१९६७ नंतरच्या शेवरोले सी-१० पिकअपवाल्यांना हे सगळं बरंच सोपं जातं. १९७१ नंतरच्या ट्रकचे कारखान्यातलेच भाग त्यांना कामी येतात. फक्त सहा बोल्टांच्या चाकांऐवजी पाच बोल्टांची घ्यावी लागतात.

आपल्याकडे हाच उद्योग जुन्या महिंद्र जीपवर चालतो. यंत्रणेचं गणित तेच, पण कायदा वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमावर बोट ठेवलं. ब्रेकच्या बदलाबाबत पाना हातात घेण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारून घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा.

शेवटचा प्रश्न नेहमीचा: मागेही डिस्क लावू का? माझं उत्तर, नको. थांबवण्याचं बहुतांश काम पुढची चाकं करतात आणि मागच्या ड्रममध्ये हँडब्रेक आयता असतो. मागे डिस्क लावली की त्याची वेगळी सोय करावी लागते. खुद्द शेवरोलेने १९९९ च्या सिल्व्हराडोला चारही चाकांना डिस्क दिल्या आणि २००५ मध्ये अर्ध्या टनाच्या पिकअपला मागे पुन्हा ड्रम लावले. तेव्हा पैसे दुहेरी मास्टर सिलिंडरवर आणि पुढच्या डिस्कवर घाला. मागचे ड्रम उघडा, साफ करा, नवे शूज आणि व्हील सिलिंडर घाला, सेटिंग करा आणि परत लावा.