पुराव्याची किंमत कोणी मोजायची?

दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे आणि परळच्या टाटा रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे हातात फाइली घेऊन वाट पाहत असतात. आपण ती रोज पाहतो. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. म्हणजे ते जनतेच्या पैशावर चालते. तेव्हा तेथे काय शोधले जाते आणि कोणासाठी, हे विचारण्याचा अधिकार आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही आहे. त्या अधिकारानेच मी हा लेख लिहीत आहे.

प्रश्न गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आहे. हा रोग अचानक उद्भवत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकला, तर गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा कित्येक वर्षे लागतात. एवढी सवड देणारे कर्करोग थोडे. या काळात तपासणी झाली तर बाई वाचते. श्रीमंत देशांत पॅप स्मिअर या चाचणीने अनेक दशके हे काम केले. मात्र त्या चाचणीला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो, आणि निकाल घेण्यासाठी बाईला पुन्हा यावे लागते. वस्तीतल्या बाईला रोजगार बुडवून दोनदा येणे कसे परवडावे?

यावर एक साधा उपाय पुढे आला. गर्भाशयमुखावर चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिडचे, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे, द्रावण लावायचे आणि मिनिटभर थांबून उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. निकाल जागच्या जागी मिळतो. पण ‘दिसते’ आणि ‘जीव वाचतो’ यांत अंतर आहे. चाचणीने मृत्यू खरोखर कमी होतात की नुसतीच घबराट आणि नको ते उपचार वाढतात, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. त्याला पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून मिळाला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे वीस गट पाडून, कोणत्या गटात तपासणी व्हावी हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. दहा गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. उरलेल्या दहा गटांना कर्करोगाविषयी माहिती दिली, पण तपासणी केली नाही. तपासणारे हात डॉक्टरांचे नव्हते. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन हे काम सोपवले होते.

निष्कर्ष २०१३-१४ मध्ये जाहीर झाले. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. रोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. फरक पडला तो रोग लवकर सापडण्यात आणि वेळेवर उपचार होण्यात.

याच सुमारास उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांतही असाच प्रयोग झाला. तेथे ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रिया सामील होत्या. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मात्र व्हिनेगरची तपासणी एकदाच केल्याने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. मुंबईत तीच तपासणी चार वेळा झाली आणि गुण आला. प्रयोग केले नसते तर हा फरक कळला असता का?

आता नाण्याची दुसरी बाजू. एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने आक्षेप घेतला की, तपासणीने जीव वाचतात हे पॅप स्मिअरमुळे आधीच ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातले मृत्यू मोजणे अनैतिक आहे. पर्यायी चाचण्यांची पुरेशी माहिती स्त्रियांना दिली होती का, हाही मुद्दा निघाला. टाटाच्या डॉक्टरांचे उत्तर असे होते की, भारतात संघटित तपासणी नव्हतीच. ‘नेहमीची सेवा’ म्हणजे येथे काहीच नाही. शिवाय सिद्ध न झालेली चाचणी लाखोंवर लादणे हाही अन्यायच. हा वाद ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नियतकालिकात चालला.

मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते, पण ते सारख्याच वजनाचे नाही. पुरावा हवा, हे डॉक्टरांचे म्हणणे मी मान्य करते. पुराव्याविना राबवलेल्या योजनेत गरिबाचाच पैसा आणि गरिबाचेच शरीर खर्ची पडते. परंतु ‘येथे काहीच नव्हते’ हे वाक्य मला खटकते. त्याच शहरात ज्या घरी पैसा होता तेथील बाई खासगी दवाखान्यात पॅप स्मिअर करून घेऊ शकत होती. ‘काहीच नाही’ हा निसर्गनियम नव्हता. तो सरकारी उपेक्षेचा परिणाम होता. उपेक्षेलाच मोजपट्टी मानले की जितकी उपेक्षा मोठी, तितका प्रयोग सोपा होतो. निदान त्या स्त्रियांना ‘अशी दुसरी चाचणी आहे, ती अमुक ठिकाणी मिळते’ एवढे स्पष्ट सांगणे हा संमतीचा पाया आहे. संमती म्हणजे अंगठा नव्हे, समज.

आणि माझ्या मते खरा न्याय पुराव्यानंतर सुरू होतो. २०१६ साली केंद्र सरकारने तीस वर्षांपुढील स्त्रियांसाठी तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत हीच व्हिनेगरची चाचणी आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी अशी तपासणी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. ज्या वस्त्यांतील स्त्रियांनी हे ज्ञान जगाला मिळवून दिले, त्यांच्यासारख्याच बायका त्या ज्ञानाविना राहिल्या, तर ते कर्ज कोणाचे? माझ्या मते ते सरकारचे आहे आणि स्वस्थ बसणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षितांचेही.

आपण शास्त्रज्ञ नसलो तरी दोन गोष्टी करू शकतो. नव्या औषधाची वा चाचणीची बातमी वाचली की विचारावे: हे कशावरून सिद्ध झाले, आणि सिद्ध करताना कोणाची तपासणी झाली नाही? आणि घरी गेल्यावर आई, मावशी, आत्या यांना विचारावे की तुमची तपासणी झाली आहे का. पहिल्या प्रश्नाने विज्ञान सरळ राहील. दुसऱ्याने कदाचित एखादे घर वाचेल.