मुक्या सोबत्याचे दुखणे

भंडारा जिल्ह्यात ‘ढोरांचा डॉक्टर’ हा शब्द रुळला तो बैल, गाय आणि म्हशीमुळे. धानाची शेती, पोळा आणि दुधाचा रतीब या संसारात कुत्र्या-मांजराच्या तब्येतीची चौकशी कोण करणार? कुत्रे अंगणात राहायचे आणि उरलासुरला भात खायचे. मांजर घरातल्या उंदरांवर जगायचे. आता भंडारा, तुमसर, साकोलीच्या वस्त्यांतही लॅब्रेडॉर आणि पर्शियन मांजरी दिसतात. त्या मुलांच्या अंथरुणातही शिरतात. लाड वाढले, पण माहिती तेवढी वाढली नाही. पशुवैद्यकांचे सांगणे असे की, या मुक्या जिवांची निम्मी काळजी दवाखान्यात नव्हे, घरातच घ्यायची असते.

तापाचेच पाहा. कुत्र्याचे अंग हाताला गरम लागले की घरात काळजी सुरू होते. वास्तविक निरोगी कुत्र्याचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. आपल्याला जो ताप, ती त्याची नेहमीची ऊब. पण तेवढ्यावरून कुणीतरी घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी काढतो. मांजराला ही गोळी म्हणजे विषच. तिचा निचरा करण्याची ताकद मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या काळपट पडतात आणि 500 मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून माणसाचे औषध पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय जनावराला द्यायचे नाही, हा नियम घरातल्या लहानथोरांनी पाठच करावा.

स्वयंपाकघरातही सावध राहायला हवे. चॉकलेट, मनुका, कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात. कांदा-लसूण मांजरालाही वर्ज्य. रविवारच्या रश्श्यातली कोंबडीची शिजलेली हाडे मोडली की त्यांची टोके सुरीसारखी होतात आणि आतड्यात रुततात. उंदीर मारण्याचे औषध आणि शेतातल्या फवारणीचे डबे कुलपात ठेवावेत. काही उंदीरनाशकांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. तोवर आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. जनावराने काही खाल्ल्याचा संशय आला तर दवाखान्यात जाताना त्या औषधाचे वेष्टण सोबत न्यावे. उतारा त्यावरूनच ठरतो. घरगुती उपायाने ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये.

ऋतूंचेही भान हवे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटेच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. नवतप्यात पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधलेले किंवा बंद गाडीत ठेवलेले कुत्रे पाहता पाहता उष्माघाताने कोसळते. अशा वेळी त्याला सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, बांध्यांतून हुंदडणाऱ्या कुत्र्याला साप चावण्याचे भय असते. चावलेल्या जागी चिरा देऊ नयेत, करकचून बांधू नये. जनावराला चालू न देता उचलून न्यावे. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो माणसालाही होतो. गोचिडांमुळे रक्ताचे आजार जडतात, म्हणून कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज बोट फिरवून पाहावे.

या साऱ्यांहून गंभीर विषय रेबीजचा. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचवली. तेव्हापासून हा रोग टाळण्याचा मार्ग माणसाच्या हाती आहे. पण लक्षणे दिसू लागल्यावर आजही इलाज जवळजवळ नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणांचे मूळ कुत्र्यात असते. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली मात्रा, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी एक, असा क्रम ठेवावा. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशी त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात.

खेड्यात आणखी एक धोका आहे. पिसाळलेल्या गाईला किंवा कुत्र्याला घास गिळता येत नाही, लाळ गळते. घशात काहीतरी अडकले असे समजून घरधनी तोंडात हात घालतो. तो हात घालू नये. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. पोटातल्या चौदा सुयांची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. ती जुनी लस 2005 च्या सुमारास बंद झाली. आता लस दंडात देतात. जखम खोल असेल तर तिच्याभोवती वेगळे इंजेक्शनही लागते. त्याला नकार देऊ नये.

आपला जिल्हा जंगलाला लागून आहे. 2013 मध्ये कोका अभयारण्य जाहीर झाले. नवेगाव-नागझिराचे जंगलही दूर नाही. रात्री बाहेर बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला अंगणात दिलेले आमंत्रण, म्हणून त्याला आत घ्यावे. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू आणि गोचिडांमुळे होणारा बॅबेसिया, दोन्ही आढळले. हा विषाणू गावातल्या कुत्र्यांमध्येही असतो. आपल्या दारातल्या कुत्र्याला टोचलेली लस अशी मुलांच्या कामी येते, गोठ्याच्या येते आणि वाघाच्याही येते.

केंद्र सरकारने 2021 मध्ये आराखडा आखला आणि 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते दिल्लीच्या कागदावर पुरे होणार नाही, गल्लीगल्लीत पुरे होईल. पाळीव कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड मुलांच्या कार्डाशेजारी ठेवावे आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. ज्याला कुणी मालक नाही, अशा गल्लीतल्या कुत्र्यासाठी चार घरांनी मिळून पुढाकार घ्यावा. जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. खाणे सोडणे, कोपऱ्यात लपणे, हाक मारूनही न येणे हीच त्याची भाषा. ती वेळेवर ओळखणे घरातल्या माणसांच्याच हाती आहे.