सुट्टीला निघालेली पुस्तकं

पोळा तोंडावर आला की नागपूरच्या लकडगंजात लाकडाची दोन रूपं एकाच वेळी दिसतात. आरा मशीनपुढे सागवानाच्या बल्ल्या आणि फळ्या बारा महिने रचलेल्या असतातच. श्रावण सरत आला की इतवारी-गांधीबागेकडच्या बाजारात चाकं लावलेले लाकडी बैलही मांडले जातात, मुठीत मावणाऱ्यांपासून दोघांनी मिळून उचलावेत एवढ्यांपर्यंत. त्याच आठवड्यात या भागातल्या एका जुन्या शाळेच्या ग्रंथालयात सहावीची तासिका चालू आहे. टेबलांवर पुस्तकांशेजारी पुठ्ठे, स्केचपेन आणि खळीची वाटी आहे. मुलं बडग्यांच्या पाट्या लिहिताहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि जागनाथ बुधवारीतून निघणाऱ्या पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. त्यांच्याबरोबर बडगे असतात. दरवर्षी नव्याने घडवलेले हे पुतळे कधी महागाईचे, कधी लाचखोरीचे, कधी रोगराईचे असतात आणि गळ्यातल्या पाटीवर लोकांचं गाऱ्हाणं लिहिलेलं असतं. ‘घेऊन जा गे मारबत’ असा गजर करत गर्दी त्यांना शहराबाहेर नेते. लकडगंजातल्या पोराला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने ते पाहिलेलं असतं.

ग्रंथपाल मॅडमनी या पाट्यांना एकच अट घातली आहे. जी पीडा घालवायची, तिच्याबद्दल आधी काहीतरी वाचायचं आणि कुठे वाचलं ते पाटीच्या मागे लिहायचं. एका मुलाने उत्साहात ‘नालीतला डेंग्यूचा डास, घेऊन जा गे मारबत’ असं रंगवून टाकलं आहे. मॅडम पाटी उलटी करतात. मागे काहीच नाही. त्या काही न बोलता आरोग्यावरच्या पुस्तकांचा कप्पा दाखवतात. दहा मिनिटांनी तो परत येतो तेव्हा बोट एका परिच्छेदावर रोवलेलं असतं. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी दिवसा चावते आणि साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालते. ‘मॅडम, हा तर आमच्या कूलरमधला हाय!’ नागपुरात उन्हाळा संपला तरी खिडकीतल्या कूलरची टाकी कितीतरी घरांत पाण्यासह तशीच राहते. पुठ्ठ्यावरची ‘नाली’ खोडली जाते आणि तिथे ‘कूलर’ येतो. मागे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक.

हे वाचन आहे, आणि फार चांगल्या प्रतीचं आहे. मुलाला एक गोष्ट हवी होती, ती पुस्तकात सापडली आणि त्याचं मत बदललं. ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावर भाषण देऊन हे घडलं नसतं.

पोळ्याचा दुसरा उपक्रम आवाजाचा आहे. विदर्भात तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात. त्या शेतकऱ्यांच्या तोंडी वाढल्या आहेत. त्यांत देव आहेत, सावकार आहे, पाऊस आहे, टोमणेही आहेत. लकडगंजातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव उमरेड, मौदा, भंडाऱ्याकडे. ‘माझ्या आजीले येतात झडत्या’ असं एकीने म्हटलं की वर्गातले निम्मे हात वर होतात. मग प्रत्येकाला कोरा कागद मिळतो. घरून झडती उतरवून आणायची, सांगणाऱ्याचं नाव आणि गाव खाली लिहायचं. आजी ‘मले’ म्हणाली असेल तर कागदावर ‘मले’च लिहायचं. मॅडमच्या हातातलं लाल पेन त्या दिवशी टेबलाच्या खणात राहतं.

छत्तीसगढहून कामाला आलेल्या कुटुंबातली मुलं या वर्गात आहेत. त्यांच्याकडे हाच सण ‘पोरा’ म्हणून होतो आणि मुलं मातीच्या चाकांचा ‘नांदिया बैल’ ओढतात. त्यांचा कागद छत्तीसगढीत येतो. गुजराती घरातली मुलगी म्हणते, आमच्याकडे काही म्हणत नाहीत. तिला शेजारच्या काकूंकडे पाठवलं जातं.

आलेले कागद शिवून त्यांचं पुस्तक होतं, आणि यानंतरचं काम बघण्यासारखं असतं. मॅडम कपाटातून दाखल नोंदवही काढतात. लाल बांधणीच्या या जाड वहीत शाळेने घेतलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिलेलं असतं: तारीख, शीर्षक, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. नव्या ओळीत पुढचा दाखल क्रमांक पडतो. लेखकाच्या रकान्यात ‘इयत्ता सहावी’, किमतीच्या रकान्यात आडवी रेघ. मग शिक्का बसतो, पहिल्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या ‘गुप्त’ पानावर. पुढचं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून ग्रंथालयं अशी खूण ठेवतात. गुप्त पान कोणतं हे सहावीला आता माहीत झालं आहे. पुस्तक कपाटात इतर पुस्तकांच्या रांगेत लागतं आणि पुढच्या वर्षीची सहावी ते घरी नेऊ शकते.

शाळेच्या कॅलेंडरात वाचनाचे सरकारी दिवस पुष्कळ आहेत. १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन (राज्यात २०१५ पासून), २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन. त्यात महावाचन उत्सवासारखे उपक्रम. हे दिवस हवेतच. पण ते पार कसे पडतात तेही पाहावं. फलक लिहिला जातो, प्रतिमेला हार घातला जातो, टेबलावर पुस्तकं मांडली जातात, फोटो अहवालासाठी पाठवला जातो आणि संध्याकाळी पुस्तकं कपाटात जाऊन कुलूप लागतं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी आहेत, हा त्यातला पहिला. त्यांच्याच दिवशी पुस्तक प्रदर्शनात ठेवून हात लावू न देणं हे मनाला लागतं.

१५ ऑक्टोबरला या शहरात मात्र एक खास अर्थ येतो. आदल्या दिवसाची तारीख १४ ऑक्टोबर. १९५६ साली याच तारखेला, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि तिथे पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. रात्रभर प्रवास करून आलेली बाई चार पुस्तकं पिशवीत घालून परतीची गाडी धरते. पुस्तक विकत घेऊन घरी नेणं हाच जिथे सणाचा भाग आहे, असं दुसरं ठिकाण महाराष्ट्रात शोधावं लागेल. म्हणून या ग्रंथालयात त्या आठवड्याला बाहेरून काही आणत नाहीत. मुलांनाच सांगतात, घरात दीक्षाभूमीहून आलेलं पुस्तक असेल तर आणून दाखवा. कुणी घेतलं, कधी घेतलं, घरी ते कोण वाचतं ते सांगा. कव्हर घातलेली, कडा मऊ पडलेली पुस्तकं दप्तरांतून बाहेर येतात. वर्गात एरवी गप्प असणारा मुलगा त्या दिवशी उभा राहून बोलतो, कारण त्याच्या आजोबांचं पुस्तक सगळ्यांच्या हातांतून फिरत असतं.

याच सुमारास भुलाबाईचे दिवस असतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वैदर्भी मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायला लावतात. ग्रंथालयाने हा खेळ उचलला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक, वर तीन खुणा: गोड की तिखट, गोष्ट गावातली की शहरातली, शेवटी कुणी रडतं का. ओळखेल त्याला ते आधी घरी न्यायला मिळतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पहिल्याच खुणेत ओळखला जातो. माधुरी पुरंदरे यांचं पुस्तक मोठी मुलं ‘लहानांचं’ म्हणून बाजूला ठेवतात, आणि गुंडाळलेलं मिळालं की खाली बसून शेवटपर्यंत वाचतात.

खरी कसोटी दिवाळीची. बहुतेक शाळांत सुट्टी लागण्याच्या आठवडाभर आधी सूचना फिरते: घेतलेली सर्व पुस्तकं जमा करावीत. मूल मोकळं होतं त्याच दिवशी पुस्तकं बंद होतात. कारण समजण्यासारखं आहे. वर्षअखेरीला पडताळणी होते, पुस्तक कमी भरलं तर विचारणा ग्रंथपालाला होते. राज्यात साधारण हजारावर पटसंख्या असलेल्या शाळेलाच पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद मिळतं, पाचशेवर असेल तर अर्धवेळ. त्याहून लहान शाळेत एखादे सर किंवा बाई आपल्या तासिका सांभाळून किल्ल्या सांभाळतात. त्यांनी धोका का पत्करावा?

पण पुस्तक हरवणं हा वाचनाच्या कामातला धरून चाललेला खर्च आहे, हे सरकारी नियमालाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ म्हणतो की वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गेली तर ते वाजवी मानावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसली म्हणजे झालं. एक हजार रुपयांहून महागाच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची तेवढी चौकशी करायची. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तरी त्याची एक प्रत प्रत्येक मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायला हवी. शाळेच्या गोष्टींच्या पुस्तकांत हजारावर किंमत असलेलं कितीसं असतं?

सुट्टीत पुस्तक घरी गेल्याने काय होतं, याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या फ्लोरिडातून आला. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांच्या गटाने गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळ्यांत दरवेळी बारा पुस्तकं दिली, मुलांनी स्वतः निवडलेली. २०१० साली निष्कर्ष छापून आले: पुस्तकं मिळालेली मुलं वाचनात न मिळालेल्यांच्या पुढे होती. पुस्तकांबरोबर शिकवणी नव्हती. निवड मुलांची होती आणि पुस्तक घरात होतं.

आइसलंडमध्ये नाताळला पुस्तक भेट देण्याची रीत आहे आणि १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी छापली जाते. मराठी माणसाला त्याचं कौतुक जरूर वाटावं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०९ साली, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढून सण आणि वाचन एकत्र बांधले होते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. त्याचा दिवाळी अंक मुलांसाठी असतो आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. एवढा वारसा असताना शाळेतल्या कपाटाला नेमकं दिवाळीत कुलूप का लागावं?

या ग्रंथालयात ते लागत नाही. सुट्टीआधीच्या शेवटच्या दोन तासिका फक्त निवडीच्या. प्रत्येकाने दोन पुस्तकं घ्यायची, एक स्वतःसाठी आणि एक घरातल्या कुणासाठी. दुसऱ्या पुस्तकाची निवड पाहत राहावी अशी. ‘बाबा मिलमध्ये असतात, त्यांना चित्रांचं चालेल का?’ ‘आईला हिंदी वाचता येतं.’ आठवीतली एक मुलगी कपाटासमोर बराच वेळ उभी राहते आणि रांगोळीचं पुस्तक उचलते. ते स्वतःसाठी की आईसाठी, हे तिचं ठरत नाही. मॅडम तिला तिसरं घेऊ देतात. पालकांच्या सहीचा कागद, पिशवी आणि परतीची तारीख, एवढाच व्यवहार. लहान वर्गांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ, स्वस्त पुस्तकं पुढे ठेवलेली असतात. हरवलं तर कुणाला रडू येऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

पुढचे सण भराभर येतात. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती, लगेच नाताळ. तेव्हा वाचण्याऐवजी सांगण्याचा आठवडा असतो आणि मोठी मुलं लहानांना गोष्टी सांगतात. संक्रांतीला अर्ध्या वर्गाचं लक्ष आकाशात असतं, म्हणून पुस्तकंही पतंगांची, वाऱ्याची, पक्ष्यांची निघतात. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ च्या मकरसंक्रांतीची, हेही तेव्हाच सांगून होतं. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर बंदी घातली. त्या मांजाची पाटी कुणीतरी मारबतीलाच लिहिलेली असते, ती पुन्हा भिंतीवर लागते.

मग उन्हाळा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, बहुधा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दुपारभर बाहेर पडायचं नाही असे दिवस. मुलाच्या हाताशी पुस्तक असण्याची एवढी मोठी सलग संधी वर्षात दुसरी नाही. दिवाळीला दोन दिलेली पुस्तकं उन्हाळ्यात चार होतात.

शाळा उघडली की परतीचं टेबल लागतं. पुस्तक घेताना मॅडम आधी पानं चाळतात, मग कणा दाबून पाहतात. सुटलेली पानं एका बाजूला. मोठ्या वर्गातली मुलं पातळ कागदाच्या पट्ट्या कापून खळीने फाटक्या कडा जोडतात, वर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवतात. चिकटपट्टी लावायची नाही. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि पानही खाते. एखाद्या पुस्तकात हळदीचा डाग असतो, एखाद्यात बसचं तिकीट खूण म्हणून राहिलेलं. न आलेल्या पुस्तकांपुढे पेन्सिलने टिंब केलं जातं, शाई लगेच वापरत नाहीत, कारण गावी गेलेली पुस्तकं जुलैत, कधी पोळ्यालाही परत येतात.

नव्या खरेदीची यादी याच टेबलावर तयार होते. ज्यांचा कणा सर्वांत जास्त सुटला, ज्यांची पानं सर्वांत मऊ झाली, त्या पुस्तकांच्या आणखी दोन-दोन प्रती मागवायच्या. कोरी करकरीत परत आलेली पुस्तकं वेगळी काढायची आणि ती गेलेल्या मुलांना विचारायचं, का नाही वाचलं. ‘अक्षर बारीक होतं’, ‘सुरुवातच नाही कळली’, ‘भावाने लपवून ठेवलं होतं’. ही उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहिली जातात आणि पुस्तक निवडताना मॅडम तेच पान उघडून बसतात.