हजार यार्डांची गोळी
ठासणीची बंदूक : लेखांक ६

२६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांच्या सहा-सहा नेमबाजांचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर प्रत्येकाला १५ गोळ्या. अमेरिकनांच्या हाती मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन रायफली होत्या. आयरिश संघाकडे रिग्बीच्या, तोंडाकडून ठासायच्या. निकाल लागला अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. आयर्लंडच्या मिलनरची एक गोळी ऐन मध्यात बसली, पण शेजारच्या लक्ष्यावर. तिचे चार गुण धरले गेले असते तर सामना आयर्लंडने जिंकला असता.

ठासणीच्या बंदुकीचा जमाना या सामन्याने संपला, असे बऱ्याचदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. सैन्यांतून ती आधीच मागे पडत चालली होती. नेमबाजीपुरते बोलायचे तर १०८० पैकी ९३१ गुण, तेही ८०० ते १००० यार्डांवरून, हा हरलेल्या हत्याराचा हिशेब नव्हे. गेल्या आठवड्यात आपण नळी आणि तिच्यातले आटे पाहिले. आज गोळी, कारण या खेळातले निम्मे यश मैदानावर जाण्याआधी घरच्या टेबलावर ठरते.

१००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. काळ्या दारूवर सुटलेल्या जड गोळीला एवढे अंतर कापायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात आणि तेवढ्यात ती नळीच्या सरळ रेषेपासून शंभर फुटांहून अधिक खाली येते. ती घट आधीच धरून नळी वर उचलता येते. पण सुटतानाचा वेग शेकडा दोनने जरी कमी-जास्त झाला, तरी गोळी तीन-चार फूट वर किंवा खाली जाते. क्रीडमूरच्या लक्ष्यावरचा मधला चौकोनच मुळी तीन फुटांचा होता. म्हणून एकच गोळी उत्तम करून भागत नाही, सगळ्या सारख्याच व्हाव्या लागतात.

गोळी कशी हवी, हे मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने १८५७ च्या चाचण्यांत दाखवून दिले होते. तेव्हाच्या लष्करी एन्फिल्डची नळी ०.५७७ इंचाची. त्याने ती ०.४५१ वर आणली, षटकोनी केली आणि दर २० इंचांत एक पूर्ण पीळ दिला. गोळी लांब, निमुळती, ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावरच्या नेमबाजी स्पर्धेत व्हिक्टोरिया राणीने पहिला बार काढला तो याच रायफलीचा.

आता साच्याकडे वळू. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ओतण्यासाठी त्याहून बरेच तापवावे लागते. साचा थंड असला की गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात, फार तापला की अंग दुधट दिसते. पहिल्या काही गोळ्या म्हणूनच पुन्हा भांड्यात जातात. एकदा हात बसला की पळीतली धार, थांबण्याचा वेळ, साचा उघडण्याची घाई किंवा सबुरी, काहीच बदलायचे नाही. शिशात कथील मिसळतात, पण थोडेच. बार उडताच दारूच्या धक्क्याने गोळीचे बूड फुगून आट्यांत बसले पाहिजे, आणि कडक गोळी तशी फुगत नाही. काम मोकळ्या हवेत करायचे, नंतर हात स्वच्छ धुवायचे, आणि वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही येऊ द्यायचा नाही. त्या थेंबाची वाफ होताना शिसे अंगावर उडते.

गार झालेली प्रत्येक गोळी काट्यावर चढते. शिशाच्या पोटात अडकलेला बुडबुडा डोळ्यांना दिसत नाही, पण ती गोळी एखाद-दोन ग्रेन हलकी भरते. व्हिटवर्थच्या पिळातून निघालेली गोळी सेकंदाला सातशेच्या वर गिरक्या घेते. एवढ्या वेगात पोकळी एका अंगाला असली की गोळी डुलते आणि भरकटते. हलकी निघालेली गोळी परत भांड्यात टाकावी, वाईट वाटून घेऊ नये.

मग कागद. चिंध्यांपासून केलेला, चिवट, मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका पातळ. त्याची तिरप्या कडांची पट्टी कापून ओली करायची आणि विडी वळावी तशी गोळीभोवती दोन वेढे घट्ट वळायची. दोन्ही कडा एकमेकींना भिडाव्यात, पण एकीवर एक चढू नये. वाळताना कागद आवळतो. त्याची शेपटी बुडाखाली दुमडायची. आता शिसे नळीला कुठेच लागत नाही, आट्यांची पकड कागदावर बसते आणि बाहेर पडताच कागद गळून जातो. जाणता नेमबाज हे तुकडे उचलून पाहतो. आट्यांनी स्वच्छ चिरलेल्या पट्ट्या म्हणजे सगळे ठीक, करपलेले तुकडे म्हणजे गोळीच्या कडेने आग निसटली.

गोळीभोवतीचा कागद आणि त्याला लावायचे वंगण हा विषय आपल्याला परका नाही. १८५७ च्या जानेवारीत, एन्फिल्डच्या काडतुसावरून असंतोष पेटल्यावर, शिपायांनी हवे ते वंगण स्वतःच लावावे, असे कंपनी सरकारने ठरवले. तोवर विश्वास उडाला होता.

दारूबद्दल थोडक्यात. प्रत्येक मात्रा तोलून वेगळी ठेवायची आणि लांब नळीच्या नरसाळ्याने तळाशी सोडायची, म्हणजे दाणे वाटेत चिकटत नाहीत. वर गादी, तिच्यावर गोळी, मध्ये फट अजिबात नको. फट राहिली तर नळी फुगू शकते, म्हणून गजावर खूण करून ठेवतात. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो, तेव्हा प्रत्येक बारानंतर नळी पुसणे आलेच.

इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानावर आजही ठासणीच्या रायफलींनी हजार यार्डांवर नेम धरतात. आपल्याकडे कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका घराघरांत होत्या, काही अजून आहेत. त्या या खेळासाठी घडवलेल्या नाहीत, आणि गंजलेल्या जुन्या नळीचा भरवसा धरता येत नाही. घरात अशी बंदूक असेल तर परवाना तपासा, जाणकाराला नळी दाखवा, आणि हा लेख वाचून तिच्यात काही ठासू नका. पुढच्या आठवड्यात वाऱ्याचा अंदाज.